आले आणि हळद ‘एकच पीक’ नव्हे: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

लागवडीचा हंगाम जवळ आला की शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरू लागतो. त्याचा मथितार्थ असा: ‘आले आणि हळद एकाच कुळातली. जमीन, पाणी, खत सारखेच, त्यामुळे हळद जमली त्याला आले जमणारच. आल्याचा दर पडला तर पुढच्या वर्षी त्याच गादीवाफ्यावर हळद लावा. काढणीनंतरचे कामही तेच आणि औषधी गुणही तेच.’

कुळ एकच आहे, हे खरे. दोन्हींची लागवड साधारण एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत होते आणि एकरी १० क्विंटलच्या आसपास बेणे (लागवडीचे कंद) लागते, हेही खरे. या साम्यामुळेच पुढचे सगळे पटते, आणि नुकसान तिथेच होते.

‘हळद जमली त्याला आले जमणारच.’

फरक बेण्यापासून सुरू होतो. हळदीचा ५० ग्रॅमच्या वरचा जेठा गड्डा, म्हणजे मधला मुख्य कंद, अख्खाच लावतात. आल्याचा कंद मात्र मोडून ३० ते ५० ग्रॅमचे, दोन-तीन डोळ्यांचे तुकडे करावे लागतात. मोडलेली प्रत्येक जागा ही बुरशीला उघडी जखम असते. म्हणून तुकडे सावलीत पसरून जखम सुकू द्यायची, मगच बेणेप्रक्रिया करून, म्हणजे बेण्याला रोगप्रतिबंधक औषध लावून, लावायचे. हळदीच्या सवयीने आले मोडले आणि लगेच ओल्या वाफ्यात दाबले, तर उगवण विरळ होते आणि दोष बेणे देणाऱ्यावर जातो.

पाण्याचेही तसेच. तुंबलेले पाणी दोन्ही पिकांना नकोच. पण हळदीत एखादा दिवस पाणी साचले तर पाने पिवळी पडतात आणि वाफसा आल्यावर, म्हणजे जादा पाणी निघून माती ओलसर-भुसभुशीत झाल्यावर, पीक पुष्कळदा सावरते. आल्यात तेवढ्यानेही कंदकूज सुरू होऊ शकते. पिथियम बुरशीचे चलबीजाणू पाण्यात पोहत एका गड्ड्यापासून दुसऱ्यापर्यंत जातात, त्यामुळे साचलेले पाणी म्हणजे रोगाला मिळालेली वाटच. हिंगोली, नांदेडच्या मध्यम काळ्या रानात हळद पिकते म्हणून आलेही पिकेल, असे गृहीत धरू नये. तिथे आले घ्यायचेच असेल तर वाफा किमान एक फूट उंच हवा आणि सऱ्यांच्या शेवटी पाणी शेताबाहेर काढणारा चर हवा. चर नसेल तर उंच वाफ्याचा फायदा पहिल्या मोठ्या पावसातच संपतो.

‘खत सारखेच.’

इथे आकडेच बोलतात. आपल्याकडच्या शिफारशीत हळदीला हेक्टरी २०० किलो नत्र, १०० किलो स्फुरद आणि १०० किलो पालाश, तर आल्याला १२०, ७५ आणि ७५ किलो असे प्रमाण आहे. म्हणजे एकरी हळदीला ८० किलो नत्र आणि आल्याला ४८. सगळे नत्र युरियातून द्यायचे म्हटले तर हळदीला सुमारे १७४ किलो युरिया लागतो, आल्याला सुमारे १०४. हळदीचा हिशेब आल्याला लावला की एकरी ७० किलो युरिया जास्त पडतो. पाला हिरवागार, लुसलुशीत दिसतो, बघणारे वाखाणतात, आणि तेच कोवळे पीक पावसाळ्यात रोगाला आधी बळी पडते.

मशागतही वेगळी. हळदीला अडीच-तीन महिन्यांनी भरणी करून गड्डे मातीने झाकायचे असतात. आल्यात त्याच सुमारास उटाळणी करतात, म्हणजे लांब दांड्याच्या खुरप्याने माती हलवतात. त्यात जुनी मुळे तुटून नवी फुटतात. कंदकूज दिसत असलेल्या वाफ्यात मात्र उटाळणी करू नये. तुटलेल्या मुळांतून आणि त्याच खुरप्यावरून रोग चांगल्या झाडांत जातो.

‘त्याच वाफ्यावर पुढच्या वर्षी हळद.’

संदेशातला सर्वांत घातक सल्ला हाच. कुळ एकच असल्यामुळे कंदमाशी, सूत्रकृमी आणि पिथियममुळे होणारी कंदकूज ही दुखणी दोन्ही पिकांना सामाईक आहेत. बुरशीचे जाड भिंतीचे बीजाणू पीक नसतानाही जमिनीत वर्षानुवर्षे तग धरतात. कुजलेल्या आल्याच्या जागी हळद लावणे म्हणजे रोगाला ताजे खाद्य पुरवणे. वाफे पाडण्याचा वाचलेला खर्च त्यापुढे काहीच नाही.

आले शेतात उभे असतानाच रोग कोणता आहे ते नक्की करा. खालची पाने शेंड्याकडून पिवळी पडत गेली, खोड बुंध्याशी मऊ झाले आणि हलके ओढताच उपटून आले, तर ती कंदकूज. पाने हिरवी असतानाच वळून गळाठली आणि झाड दोन-चार दिवसांत बसले, तर ती जिवाणूजन्य मर असण्याचा संभव मोठा. खात्रीसाठी बुंध्याजवळचा खोडाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या काचेच्या ग्लासात उभा धरा. काही मिनिटांत कापलेल्या भागातून दुधासारखी धार खाली उतरली तर ती मरच. तिच्यावर बुरशीनाशक चालत नाही, कारण ती बुरशी नव्हेच. अशा शेतात पुढे टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटाही लावायचा नाही, कारण ही पिकेही याच जातीच्या जिवाणूच्या तावडीत सापडतात.

आल्यानंतर किमान तीन वर्षे त्या रानात आले नको आणि हळदही नको. ज्वारी, मका, गहू किंवा ताग घ्या. पुन्हा लावायची वेळ येईल तेव्हा एप्रिलच्या उन्हात ओलवलेल्या वाफ्यांवर पारदर्शक प्लॅस्टिक ४० ते ४५ दिवस कडा दाबून पसरले, तर वरच्या थरातली बुरशी बरीच कमी होते. काळे प्लॅस्टिक घेऊ नये, त्याखाली माती तेवढी तापत नाही. लागवडीच्या वेळी एकरी दोन-अडीच किलो ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवर घालणारी उपयोगी बुरशी) २५० किलो मुरलेल्या शेणखतात मिसळून द्यावा. रोगट शेतातले बेणे कितीही स्वस्त मिळाले तरी आणू नये.

‘काढणीनंतरचे काम तेच.’

हळद शिजवतात, आले शिजवत नाहीत. शिजवल्याने हळकुंडातला रंग सगळीकडे सारखा पसरतो, पिष्ट (स्टार्च) घट्ट होते आणि वाळवण लवकर होते. कढईत पाऊण ते एक तास लागतो. फेस येऊन हळदीचा वास सुटला आणि गड्ड्यात काडी सहज शिरली की थांबायचे. जास्त शिजले तर रंग मंदावतो, कमी शिजले तर वाळल्यावर हळकुंड ठिसूळ होते. सुंठेसाठी आले धुऊन, साल बांबूच्या धारेने अगदी वरवर खरवडून उन्हात वाळवतात. सुगंधी तेल सालीच्या लगेच खाली असते, म्हणून खोल सोलले की वास जातो. दोन्हींत ओल्या मालाचा वाळून साधारण पाचवा हिस्सा उरतो. तेवढे साम्य मान्य.

‘औषधी गुण तेच.’

नाहीत. हळदीतले मुख्य द्रव्य कर्क्युमिन, आल्यातले जिंजेरॉल. आले वाळले की जिंजेरॉलचा काही भाग शोगाओलमध्ये बदलतो आणि तो अधिक तिखट असतो. त्यामुळे ओले आले आणि सुंठ हीसुद्धा एकमेकांच्या जागी डोळे झाकून वापरू नयेत. आयुर्वेदात आर्द्रक आणि शुंठी वेगळी मोजली आहेत, आणि त्रिकटूत सुंठ, मिरी, पिंपळी असते, ओले आले नाही. मळमळीवर आल्याच्या उपयोगाला चांगला आधार आहे. त्या जागी हळद घेऊन उपयोग नाही. कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही आणि एकटे शरीरात फार थोडे शोषले जाते. तूप, दूध आणि मिरपूड यांच्या जोडीने शोषण वाढते.

हळदपूडीत कर्क्युमिन साधारण तीन टक्क्यांच्या आसपास असते, त्यामुळे रोजच्या भाजीतली हळद आणि शोषण वाढवलेली कर्क्युमिनची गोळी यांची तुलनाच होत नाही. अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. पित्ताशयात खडे असलेल्यांनी किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्यांनी त्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आल्याच्या अर्काबाबतही तेच पाळावे.