खुलासा: ३.५ ते ४.४ अडॅप्टरने ताकद वाढत नाही

पणजी-म्हापसा भागातल्या हेडफोनवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मेसेज फिरतोय: साध्या ३.५ मिमी हेडफोनला स्वस्त अडॅप्टर लावून ॲम्पच्या (हेडफोनचा आवाज वाढवणाऱ्या डबीच्या) ४.४ मिमी बॅलन्स्ड जॅकात (डाव्या-उजव्या कानाच्या तारा पूर्ण वेगळ्या ठेवणाऱ्या) घाला, आवाज दुप्पट. हे चूक आहे, आणि ॲम्पला धोक्याचंही.

३.५ च्या पिनेत डाव्या-उजव्या बाजूच्या ऋण (परतीच्या) तारा एकाच भागाला जोडलेल्या असतात. बॅलन्स्ड जॅकात त्या वेगळ्या, आणि प्रत्येकीमागे स्वतंत्र ॲम्प असतो. असा अडॅप्टर त्या दोघांचे आउटपुट एकमेकांना जोडून टाकतो. मग डबी तापते, आवाज तुटतो, संरक्षण नसेल तर चिप जळते.

खात्री घरीच करा. मल्टिमीटर (विजेची जोडणी तपासायचं मीटर) बीपवर ठेवा, अडॅप्टरच्या ४.४ पिनेच्या टोकाकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या धातूच्या भागाला मीटरच्या दोन सुया लावा. बीप वाजला तर तो अडॅप्टर ॲम्पला लावू नका. (पावसाळ्यात पिनेवर हिरवट थर धरतो, आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.)

उलटा अडॅप्टर, म्हणजे ४.४ च्या केबलीला ३.५ जॅकात नेणारा, चालतो. बॅलन्स्डच हवं तर दोन्ही कानांना सुटी केबल लागणारा हेडफोन आणि चार तारांची ४.४ केबल घ्या. संवेदनशील (कमी ताकदीतही मोठा वाजणाऱ्या) इअरफोनला मात्र त्याची गरज क्वचितच पडते.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच गटात हा खुलासा टाका.