गर्भपात आणि गर्भलिंग निदान यांची गल्लत थांबवा

"गर्भपात म्हणजे भ्रूणहत्याच. १९७१च्या कायद्याने मुली मारायचा परवाना दिला. सगळ्यांवर ३०२ लावा, गोळ्या बंद करा, लेकी आपोआप वाचतील." सांगली-मिरजेकडच्या ग्रुपांवर हा मजकूर फिरतोय. त्यातली भाषा नवी नाही. 'कळ्या खुडणारे', 'कसाई', 'खुनी' हे शब्द इथल्या सभांमध्ये पक्ष कुठलाही असो, टाळ्या घेतात. मी बायकांच्या आरोग्याचं काम करते. या शब्दांचा मार कुणाला बसतो, ते रोज बघते. म्हणून हे उत्तर.

'३०२ लावा.' ३०२ म्हणजे जुन्या दंडसंहितेतलं खुनाचं कलम. ते इथे लागत नाही. गर्भाचा मृत्यू घडवणं हा मनुष्यवध नव्हे, असं जुन्या दंडसंहितेच्या कलम २९९च्या स्पष्टीकरणातच लिहिलं होतं, आणि नव्या न्याय संहितेच्या कलम १०० मध्ये ते कायम आहे. बेकायदा गर्भपाताला वेगळी कलमं आहेत, शिक्षाही आहे. तरी २०१२ मध्ये, बीडचं बेकायदा गर्भपातांचं प्रकरण गाजलं तेव्हा, खुद्द राज्य सरकारकडून खुनाचं कलम लावायची भाषा झाली. पाठोपाठ गर्भपाताच्या गोळ्यांच्या विक्रीवर धाडी पडल्या आणि राज्यभरातल्या अनेक औषध दुकानदारांनी त्या ठेवणंच सोडून दिलं.

याचा अर्थ काय होतो? तासगावकडची एक बाई, पदरात दोन लेकरं, तांबी बसवलेली असूनही दिवस राहिले. सातवा आठवडा. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आम्ही दोघी मेडिकलमध्ये गेलो. दुकानदाराने चिठ्ठी वाचली, घडी घालून परत दिली, म्हणाला, "असलं आमी ठेवत नाय ताई, पुढं बघा." पुढच्या दोन्ही दुकानांत तेच. रस्त्यावर आल्यावर तिनं मला विचारलं, "ताई, मी काय खून करायला निघालेय का ओ?" साधन फसल्यामुळे राहिलेला गर्भ काढायची मुभा कायद्यात स्पष्ट आहे. पण तिच्या कानावर कायदा कधी पडलाच नव्हता, भाषणं तेवढी पडली होती.

'कायद्याने मुली मारायचा परवाना दिला.' १९७१च्या या गर्भपात कायद्यात गर्भाचं लिंग हे कारण कुठेच नाही. बाईच्या जिवाला किंवा शरीर-मनाच्या आरोग्याला धोका, बलात्कार, साधन फसणं, गर्भात गंभीर व्यंग, ही त्यातली कारणं. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २०२१च्या दुरुस्तीनंतर काही ठरावीक स्त्रियांना दोन डॉक्टरांच्या मताने २४ आठवड्यांपर्यंत मुभा आहे. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही २४ आठवड्यांच्या तरतुदीत धरलं.

मुली हेरून काढल्या त्या सोनोग्राफीच्या यंत्राने. म्हणून तर महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशात सर्वांत आधी, लिंगनिदानाविरुद्ध वेगळा कायदा केला, आणि १९९४ मध्ये केंद्राचा आला. तो कायदा गर्भवतीला आरोपी धरून सुरुवात करत नाही. तपासणीसाठी घरच्यांनीच तिच्यावर दबाव आणला, असं तो धरून चालतो. 'करणारी खुनी' म्हणणारा नेता नेमक्या त्याच बाईला पिंजऱ्यात उभी करतो.

'गोळ्या बंद करा, लेकी आपोआप वाचतील.' मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळमध्ये ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. ते उघडकीला आलं एका विवाहितेचा जीव गेल्यावर. तिथे गर्भपात करणारा होमिओपॅथीचा डॉक्टर होता, त्याला तो अधिकारच नव्हता. कायदेशीर दारं बंद केली की बाया अशाच दारांत जातात. म्हैसाळनंतरच्या भाषणांत १९ आकडा वारंवार आला. जीव गमावलेल्या त्या बाईबद्दल फार थोडे बोलले. मला ते आजही सहन होत नाही.

आणि मुलगी नको असणं गर्भापाशी थांबत नाही. २०११ मध्ये साताऱ्यात 'नकुशी' नावाच्या २८५ मुलींचं नव्याने बारसं झालं. त्या जन्मलेल्या होत्या, घरात वाढत होत्या. त्यांना ते नाव गर्भपाताच्या कायद्याने दिलं नव्हतं.

साताऱ्यातच वकील-कार्यकर्त्या वर्षा देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर बायांना सोबत घेऊन सापळे रचले आणि लिंगनिदान करणारे डॉक्टर पकडून दिले. त्यांनी बोट ठेवलं सोनोग्राफीच्या खोलीवर. आपल्या आमदार-खासदारांनी पुढच्या सभेत त्या खोलीबद्दल बोलावं: तालुक्यात किती यंत्रं आहेत, त्यांची शेवटची तपासणी कधी झाली, किती खटले पडून आहेत.