सिलिंडर बसते का यावर?

दोन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. मे महिना, नागपूर, म्हणजे शहाणा माणूस ज्या दिवसांत कूलरपुढून हलत नाही ते दिवस, आणि मी झिरो माइलच्या सिग्नलला स्कूटरवर भाजून निघत होतो. समोर तो दगडी खांब आणि ते चार घोडे. खांबावर 1907 साल आहे. उन्हाने असेल कदाचित, पण माझ्या डोक्यात आलं की हे घोडे एवढ्या वर्षांत इथून एक पाऊल हलले नाहीत, निदान आपण तरी कुठंतरी जावं. सिग्नल सुटेपर्यंत ठरलं पण. सायकलनं कन्याकुमारी. रस्ता शोधायचा ताप नाही, आपला 44 नंबरचा हायवे बुटीबोरी, हिंगणघाट, पांढरकवडा करत थेट तिथंच जाऊन समुद्राला टेकतो. (समृद्धी पण आपल्या दारातूनच निघते, 701 किलोमीटर गुळगुळीत, पण तिच्यावर सायकलला बंदी आणि ती जाते मुंबईला, म्हणजे दोन्हीकडून प्रश्न मिटला.)

घरी सांगितलं. बायको म्हणाली, "अहो, आधी गोकुळपेठेतून भाजी तर आणून दाखवा सायकलवर." आईने काही न बोलता देवापुढे दिवा लावला. बाबांनी मात्र पेपर खाली ठेवला आणि विचारलं, "कोणत्या सायकलवर?"

इथून दीड वर्ष गेलं माझं. कोणी म्हणेल सायकल घ्यायला दीड वर्ष काहून लागते, तर त्याने अजून घेतलेली नाही एवढाच त्याचा अर्थ.

पहिलं दुकान धरमपेठेतलं. एसी, काचा, आणि भिंतीवर सायकली अशा टांगलेल्या की पायतल्या चपला काढाव्यात का असं वाटावं. तिथला पोट्टा म्हणाला, "सर, एका बोटावर उचलून बघा." उचलली. खरंच उचलल्या गेली. कार्बनची होती. मी विचारलं कॅरिअर कुठं लागेल, तर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी लग्नाच्या शेरवानीला पिशवी अडकवायची खुंटी मागून राहिलो. "सर, याला कॅरिअरचे होलच नाहीत. स्पोर्टी आहे ना." मग मी माझे 86 किलो आणि सामानाचे 20 किलो असा हिशोब सांगितला तर त्याने सायकल हळूच माझ्या हातातून काढून घेतली.

सदरमधल्या दुकानात दुसरं टोक. मोटरसायकलसारखे जाड टायर, पुढे शॉकअप, "सर, पहाड चढून जाईल." पण मला डांबरी रस्त्यानं जायचंय, दिवसाला ऐंशी-शंभर किलोमीटर, तिथं पुढचा चिमटा दर पायडलला वरखाली डुलणार आणि माझी अर्धी ताकद त्याला झोके देण्यात जाणार, वरून वजन वेगळं. तोही म्हणाला, "उचलून तर बघा!" मला आजपर्यंत समजलं नाही, नागपुरात सायकल चालवायसाठी घेतात का उचलायसाठी.

घरी आल्यावर बाबांचा एकच प्रश्न असायचा. "सिलिंडर बसते का यावर?"

याला इतिहास आहे. बाबांची 28 इंची काळी सायकल अजून जिन्याखाली उभी आहे. तिच्यावर त्यांनी कैक वर्षं गॅसचं सिलिंडर आणलं, आईला सिनेमाला नेलं आणि दवाखान्यातून मला घरी आणलं, आणि हे तिन्ही ते एकाच सुरात सांगतात. भरलेलं सिलिंडर म्हणजे आत 14.2 किलो गॅस आणि बाहेर जवळजवळ तेवढंच लोखंड, धरा 30 किलो. मी मोठ्या कौतुकाने सांगितलं की बाबा, टूरिंगच्या चांगल्या कॅरिअरवर 25 किलो सामान जातं. ते म्हणाले, "म्हणजे नाही बसत." विषय संपला.

मग मी अभ्यासाला लागलो. रात्री बारा-बारा वाजेपर्यंत मोबाइल. दीड महिन्यात मला क्रोमियम आणि मॉलिब्डेनम घातलेल्या स्टीलबद्दल इतकं समजलं की बारावीला एवढी केमिस्ट्री येत असती तर आज वेगळ्याच खुर्चीत असतो. टूरिंगवाले या क्रोमोली फ्रेमचं नाव का घेतात, तर ती साध्या लोखंडापेक्षा मजबूत असते म्हणून तिच्या नळ्या पातळ ठेवता येतात, खड्ड्यात थोडी दबते, एकदम कडकन तुटत नाही, आणि समजा तडा गेलाच तर वडकीच्या नाहीतर आदिलाबादच्या एखाद्या वेल्डिंगवाल्याकडे डकवून पुढं निघता येतं. कार्बनला तडा गेला तर तो फक्त फोटो काढायच्या कामाचा.

एक्सेल शीट केली. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, लपवायचं काय त्यात. साहेबांनी एकदा चुकून उघडली आणि "चेनस्टे" हा कॉलम पाहून हे कोणत्या खात्यातलं हेड आहे म्हणून विचारलं. चेनस्टे म्हणजे पायडलच्या मधल्या आसापासून मागच्या चाकाच्या मधापर्यंतचा दांडा. रेसच्या सायकलला तो आखूड असतो, साधारण 41 सेंटिमीटर, आणि टूरिंगला 45-46. चार-पाच सेंटिमीटरनं काय होते? होते असं, की मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंनी लोंबत्या बॅगा लावल्या की आखूड सायकलीवर दर फेऱ्याला आपली टाच बॅगेला लाथ मारते. मी हे धरमपेठेतल्या एका मित्राच्या सायकलवर करून पाहिलं. लॉ कॉलेज चौकापर्यंत माझ्या टाचेनं बॅगेतल्या पोह्यांचा चुरा केला होता.

गिअरचं तर विचारूच नका. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटर उंच, पण सपाट, इथं उड्डाणपूल हाच पहाड. पण मला आधी चिखलदऱ्याला सराव करायचा होता, ते हजार मीटरच्या वर, आणि परतवाड्याच्या पुढचा घाट सामानासकट चढायचा तर पुढं 22 दातांची चकरी आणि मागं 34 पाहिजे. म्हणजे पायडल पूर्ण एक फेरा फिरवलं की चाक पाऊण फेराही फिरत नाही. माणूस बदाबदा पाय मारून राहिला आणि बाजूने बकऱ्या ओव्हरटेक करून राहिल्या. पण उतरून ढकलत जाण्यापेक्षा बरं.

एका रविवारी बाबा जिन्याखाली बसले आणि आपल्या सायकलच्या मागच्या चाकाच्या तारा मोजायला लागले. मला वाटलं गेलं यांचं. तर म्हणाले, "चाळीस. पुढच्याला बत्तीस. तुझ्या त्या लाखाच्या सायकलले किती?"

मी छाती फुगवून म्हणालो, "दोन्ही चाकांना छत्तीस! रेसवाल्यांना तर वीस-चोवीसच असतात."

"मागच्या चार कोणी काढल्या?"

आता यावर काय बोलावं? खरं तर बाबांचंच बरोबर होतं, ओझं मागच्या चाकावर येतं तर तारा मागंच जास्त पाहिजे, जुन्या काळ्या सायकलींचा हा हिशोब मला दीड वर्षाच्या अभ्यासात एकाही तज्ज्ञाने सांगितला नव्हता. शीटमध्ये मी नवीन कॉलम टाकला. नाव दिलं "बाबा".

याच दिवसांत कुठंतरी वाचलं की 1923 साली मुंबईचे सहा पारशी पोट्टे सायकलीवर जग फिरायला निघाले, त्यातले तिघं पूर्ण चक्कर मारून 1928 ला परत आले, 71 हजार किलोमीटर. साडेचार वर्षांत जग. माझं तोपर्यंत सव्वा वर्षात हँडल ठरत नव्हतं, सरळ घ्यावं का मेंढ्याच्या शिंगासारखं वाकलेलं.

शेवटी महालातल्या एका जुन्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. दुकान म्हणजे एक पत्रा, एक पंप आणि छर्ऱ्यांनी भरलेला डालड्याचा डबा. त्यांना मोबाइलवर तीन सायकली दाखवल्या. त्यांनी किंमत पाहिली नाही, कंपनी पाहिली नाही. म्हणाले, "ब्रेक ऑइलचा का तारेचा?" दोन ऑइलच्या होत्या, एक तारेच्या डिस्कची. "तारेची घे. तार कोणत्याही गावात भेटते. ऑइल गळलं तं तिथंच बसशील भजन करत." दीड वर्षाचा अभ्यास, एक्सेलचे 43 कॉलम, आणि निकाल लागला तेरा शब्दांत. सीटबद्दल विचारलं, की जेलवाली मऊ घेऊ का, तर म्हणाले मऊ गादीवर दिवसभर बसलं की बूड आत रुततं आणि सगळीकडून घासतं, सीट कडकच पाहिजे, पहिले पंधरा दिवस शिव्या दे मग ती तुझी होते. हे लग्नाबद्दल होतं का सीटबद्दल ते मी विचारलं नाही.

बेंगळुरूहून खोक्यात आली एकदाची. बाटलीच्या हिरव्या रंगाची, 36 तारा, 40 मिलिमीटरचे टायर, मडगार्ड, कॅरिअर, साडेचौदा किलो. किंमत मी घरी सांगितली त्यापेक्षा बाहेर जास्त सांगितली आणि खरी अजून कोणालाच सांगितली नाही.

डिसेंबरातल्या एका रविवारी ट्रायल म्हणून रामटेक. पन्नास किलोमीटर, पण सामान पूर्ण कन्याकुमारीचं, कारण लोड टेस्ट. बॅगांचे क्लिप इम्पोर्टेड होते तरी बाबांनी वरून जुन्या ट्यूबच्या पट्टीनं सगळं करकचून बांधलं, अगदी सिलिंडर बांधायचे तसं. कामठीला तर्री-पोहे मारले, कन्हानचा पूल ओलांडला, छान हवा होती, आणि मनसरच्या अलीकडे मागचं चाक बसलं.

नशिबाने पन्नास पावलांवर पंक्चरवाला. त्याने ट्यूब काढली, पाण्यात बुडवली, डकवली, सगळं दहा मिनिटांत. मग हवा भरायला कॉम्प्रेसरची नळी घेऊन आला आणि थबकला. माझ्या ट्यूबचा वॉल्व्ह तो सुईसारखा बारीक, वर पेच असलेला.

"भाऊ, याचं तोंड कुठं हाय?"

त्याच्यावर लावायचं पितळी बोंडुक येतं, लावलं की मोटरसायकलची नळी बसते, मी तीन घेऊन ठेवले होते. कुठं? घरी, फ्रिजवरच्या वाटीत. बॅगेत छोटा पंप होता, पण त्याचं तोंड मोटरसायकलच्या वॉल्व्हचं. म्हणजे ज्या माणसाला मॉलिब्डेनम माहीत तो माणूस मनसरला हवेसाठी बसलेला. तेवढ्यात पंक्चरवाल्याचा आठ-नऊ वर्षांचा पोरगा आला, त्याने पंप हातात घेतला, पुढची टोपी फिरवून काढली, आतलं रबर उलटं करून बसवलं, टोपी लावली आणि पंप माझ्या हातात दिला. बसला वॉल्व्हवर! मॅन्युअलमध्ये हे लिहिलं असणार, पण मॅन्युअल वाचायला मला वेळ कुठं होता, मी सायकल निवडत होतो.

तोवर बम लोक जमले होते. कितीची हो? गिअर किती? पगार नाही का, सायकलनं काहून जाऊन राहिले? मग त्यातल्या एका धोतरवाल्या आजोबांनी, कोणी सांगितलं नाही काही नाही, पुढे येऊन माझ्या सायकलीच्या दांड्याखाली एक बोट घातलं. हललीही नाही. मग दोन हात लावले.

"बाप्पा! हे तं सिलिंडरवानी जड हाय!"

मी तिथल्या तिथं घरी फोन लावला. म्हटलं बाबा, मनसरपाशी आहे, इथं एक आजोबा म्हणून राहिले की माझी सायकल सिलिंडरएवढी जड आहे.

पलीकडे थोडा वेळ शांतता.

"भरल्या का खाली?"