तुला गार लागतंय का?

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडलेल्या मैत्रिणींना निदान समेट करता येतो, आधी कोण नमलं याचा हिशेब जन्मभर मांडता येतो. आमच्यात तसलं काहीच झालं नव्हतं. रोजचा फोन आठवड्यावर गेला, आठवड्याचा वाढदिवसावर आला आणि पुढे वाढदिवसही फुग्यांच्या चित्रावर भागू लागला. अशी १२ वर्षं गेली. मग एका रात्री तिचा मेसेज: 'गाडीने जाऊ या का कुठेतरी? दोघीच.' मी विचार न करता 'हो' लिहिलं. विचार केला असता तर उन्हाळा संपू दे, एवढं तरी म्हटलं असतं.

पहिल्या १०० किलोमीटरमध्ये आम्ही हवामान, गुडघे आणि मुलांची उंची हे तिन्ही विषय संपवले. अजून ५०० उरले होते.

"तुला गार लागतंय का?"

"नाही गं, मस्त आहे. तुला?"

"माझं काय, मला काहीही चालतं."

काहीही चालतं! झोपेत माझं पांघरूण ओढून घेऊन वर मलाच लाथ मारणारी ही बाई. माझे दात वाजत होते, पण तिला उकडत असेल म्हणून मी हात बगलेत घालून हसत बसले होते. मला उकडत असेल म्हणून ती एसी वाढवत होती. गाडीत मोकळेपणाने बोलणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे फोनमधली रस्ता सांगणारी बाई. तिला आमच्याबद्दल काय वाटत असेल, या विचाराने मला संकोच होत होता.

पुढे डांबरावर पाणी चमकत होतं. मी संधी साधली. म्हटलं, "हे पाणी नाहीये. रस्ता तापला की त्यालगतची हवा विरळ होते, तिच्यातून येताना आभाळाचा प्रकाश वाकतो आणि आपल्याला पाणी दिसतं."

"अच्छा," ती म्हणाली.

दोन मिनिटांनी मला आठवलं, की परीक्षेच्या आदल्या रात्री हे मला तिनेच शिकवलं होतं. तिला आठवलं की नाही, ते चेहऱ्यावरून कळेना. मी खिडकीबाहेर बघू लागले.

घाट सुरू झाला. अर्ध्यावर तिचं लक्ष काट्याकडे गेलं. "अगं, इंजिन तापलंय!"

"हो ना," मी म्हटलं, "१० मिनिटांपासून काटा चढतोय."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, तुझी गाडी. तुला वाईट वाटेल."

क्षणभर शांतता. मग १२ वर्षांत पहिल्यांदाच ती मला गाढव म्हणाली. कानाला इतकं गोड लागलं, की पुढचं ऐकायचंच राहिलं. पुढचं होतं ते, "हीटर लाव! पूर्ण!"

मला वाटलं, शिक्षा आहे. पण शास्त्र खरं होतं. हीटर इंजिनाचीच उष्णता ओढून आत सोडतो, तेवढाच इंजिनावरचा भार हलका होतो. बाहेर ४१ अंश, आत भट्टी आणि चारही काचा खाली. मागच्या ट्रकला आमच्या शिव्या स्पष्ट ऐकू गेल्या असणार. गाडी कडेला घेण्याइतकी जागा मिळेपर्यंत तिने माझी तीन जनावरं केली होती. मीही मागे राहिले नाही.

थांबल्याबरोबर मी बॉनेट उघडून रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तेवढ्यात ती किंचाळली. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्याही वर गेलेलं असतं, झाकण उघडताच उकळून अंगावर येतं. "तोंड भाजून घेतलंस तर फोटोत मी एकटी काय करू?" म्हणाली.

झाडाची सावली एकीलाच पुरेल एवढी होती. पाऊण तास आम्ही ढकलाढकली करत बसलो.

"बाबा गेले तेव्हा फोन का नाही केलास?" तिने मध्येच विचारलं.

"इतक्या दिवसांनी कुठल्या तोंडाने करायचा?"

"ह्याच तोंडाने करायचास. दुसरं आहे का तुझ्याकडे?"

बराच वेळ दोघीही गप्प होतो. मग तिने मला सावलीतून पुन्हा बाहेर ढकललं.

इंजिन निवल्यावर पाहिलं, तर कूलंट खालच्या खुणेच्याही खाली. पिण्याचं पाणी ओतलं. उरलेल्या दोन घोटांवरून पुन्हा भांडलो, ते तिने प्यायले.

घाट उतरल्यावर काटा जागेवर बसला, तेव्हा तिने एसी लावला. "तुला गार..."

"लागतंय. सकाळपासून लागतंय. कमी कर."

"मेले, मी पण कुडकुडतेय सकाळपासून!"

संध्याकाळी पोचलो. मी उतरून सवयीने खाली वाकले, तर गाडीखाली टपटप पाणी. "गळतंय! अगं, गळतंय!"

तिने शांतपणे गाडीला कुलूप लावलं. "एसीचं पाणी आहे ते. आणि ते रस्त्यावरचं पाणी तुला कोणी शिकवलं होतं, आठवलं का?"