दार बंद होतं का, आणि मेलं कोण

दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमधे येऊन मला नऊ वर्षं झाली. इथून दक्षिणेला अर्ध्या तासावर अमान्झिम्टोटी नावाचं समुद्रकाठचं गाव आहे आणि तिथल्या मुख्य रस्त्याचं नाव आहे अँड्र्यू झोंडो रोड. हा झोंडो कोण ते मला ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने सांगितलं, ज्याचा मामा वर्णभेदाच्या काळात भूमिगत लढ्यात होता. 23 डिसेंबर 1985, ख्रिसमसची खरेदी चालू होती, शॉपिंग सेंटरमधल्या कचऱ्याच्या डब्यात झोंडोने ठेवलेला बॉम्ब फुटला आणि पाच जण गेले, त्यात लहान मुलं पण होती. झोंडो तेव्हा 19 वर्षांचा. तीनच दिवस आधी वर्णभेदी सरकारच्या माणसांनी शेजारच्या लेसोथो देशात, मासेरूमधे घुसून नऊ लोकांना मारलं होतं, त्याचा तो बदला. आधी फोन करून सावध करणार होतो पण फोन रिकामा मिळाला नाही, असं त्याने कोर्टात सांगितलं. 1986 मधे त्याला फाशी झाली, आणि आज ज्या गावात ते पाच जण मेले त्याच गावच्या रस्त्याला त्याचं नाव आहे.

हे सगळं परत डोक्यात आलं ते आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमुळे. गडचिरोलीतल्या नक्षलवाद्यांवरून विषय निघाला. माझा आत्येभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, त्याने लिहिलं की हिंसा ती हिंसा, तिचं समर्थन करणारेही तेवढेच दोषी. पुतणी कॉलेजात शिकते, ती चिडून म्हणाली की ज्याच्या मानेवर पाय आहे त्याला शांतता शिकवणारे आपण कोण. दोघंही मनापासून बोलत होते म्हणून मला वाईट वाटलं, कारण पुढच्या दहा मिनिटात एक देशद्रोही ठरला आणि दुसरा गुलाम, आणि बाकीचे गप्प झाले.

मी सरळ सांगतो, मला वाटतं कधी कधी हिंसा समर्थनीय असते. इथे येण्याआधी मी हे म्हटलं नसतं. आफ्रिकन नॅशनल काँग्रेस, इथल्या काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना, 1912 ला स्थापन झाली आणि जवळजवळ पन्नास वर्षं त्यांनी अर्ज केले, शिष्टमंडळं पाठवली, 1952 मधे कायदेभंग केला, हजारो लोक स्वतःहून तुरुंगात गेले. 21 मार्च 1960 ला शार्पव्हिलमधे काळ्या लोकांना सतत पास जवळ बाळगायला लावणाऱ्या कायद्याविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, 69 मेले, आणि नंतर सरकारने बंदी घातली ती संघटनेवरच. म्हणजे मत नाही, सभा नाही, संघटना नाही. संघटनेचे अध्यक्ष अल्बर्ट लुथुली डर्बनच्या उत्तरेला राहायचे, अहिंसेवर श्रद्धा असलेला माणूस, त्यांना 10 डिसेंबर 1961 ला ऑस्लोमधे शांततेचं नोबेल मिळालं आणि सहाच दिवसांनी मंडेला आणि सहकाऱ्यांनी उमखोन्तो वे सिझ्वे ही सशस्त्र शाखा जाहीर केली. हे सहा दिवस मला फार छळतात. पण 1964 च्या खटल्यात मंडेलांनी जे सांगितलं ते वाचलं की पटतं, की आमच्यासमोर घातपात, गनिमी युद्ध, दहशतवाद आणि उघड क्रांती असे चार मार्ग होते आणि आम्ही पहिलाच निवडला, कारण त्यात माणसं मरायची शक्यता सगळ्यात कमी. विजेचे खांब, सरकारी इमारती. राग होताच, पण आधी कुठे थांबायचं ते ठरवून उचललेलं पाऊल होतं ते.

आणि हीच कसोटी आपल्याकडे बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत सांगून ठेवलीय. घटनात्मक मार्ग उरलेच नव्हते तेव्हा दुसऱ्या मार्गांना बरंच समर्थन होतं, पण मार्ग उघडे असताना ते नाही. आपण यातलं अर्धं वाक्य उचलतो, ज्याला जे सोयीचं ते.

पण दार बंद होतं म्हणून बॉम्ब कुठेही ठेवला तरी चालतो असं होत नाही, आणि अमान्झिम्टोटीच्या त्या मुलांनी कुणाचंच दार बंद केलं नव्हतं. हे इथल्या लोकांनी लढा जिंकल्यावर स्वतःच्या तोंडाने कबूल केलं, ही गोष्ट मला कुठल्याही लढाईपेक्षा मोठी वाटते. डेस्मंड टुटूंच्या सत्य आणि सलोखा आयोगाने 1998 च्या अहवालात म्हटलं की वर्णभेद हा मानवतेविरुद्धचा गुन्हा, त्याविरुद्धचा लढा न्याय्य, आणि तरीही नागरिकांना मारणारे स्फोट, खबरी समजून केलेल्या हत्या ही मानवी हक्कांची गंभीर पायमल्ली. तेव्हा सत्तेत असलेली आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच अहवाल थांबवायला कोर्टात गेली आणि हरली, टुटूंनी तो छापला, मंडेलांनी तो स्वीकारला. गळ्यात टायर घालून, त्यात पेट्रोल ओतून माणसं जाळली ती पण याच लढ्याच्या नावाने, त्यावर सहकाऱ्याचा मामा आजही बोलत नाही.

आपल्याकडे असा हिशोब कोणी मांडलाच नाही. पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीचे सोल्जर घरात घुसून झडत्या घेत होते, वर्तमानपत्रात लिहिलं म्हणून टिळकांना 1897 मधेच, रँडच्या हत्येनंतर, राजद्रोहात दीड वर्षाची शिक्षा झाली, म्हणजे दार बऱ्यापैकी बंदच होतं, म्हणून रँडला मारणाऱ्या चापेकरांना मी खुनी म्हणणार नाही. पण 22 जूनच्या त्या रात्री रँडच्या मागच्या गाडीतला लेफ्टनंट आयर्स्टही मेला, आणि 1899 मधे खबर दिली म्हणून द्रविड बंधूंना मारलं, त्यांच्याबद्दल शाळेत एक ओळ तरी कुणी नीट शिकवली का.

गडचिरोलीबद्दल माझं मत वेगळं आहे आणि ते पुतणीला आवडणार नाही. तिथे दार किलकिलं आहे, मेंढा लेखा या गावाने 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मधे आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला, बंदूक न उचलता. कोर्ट दूर आहे, फाईल हलत नाही, खाणीसाठी जमीन लगेच जाते, हा राग खरा आहे आणि तो मी कमी लेखत नाही. पण 1 मे 2019 ला जांभुळखेड्याला नक्षलवाद्यांच्या भूसुरुंगात 15 पोलिस आणि त्यांचा ड्रायव्हर गेला, ती त्या फाईलवाल्यांची पोरं नव्हती.

काल रात्री मी ग्रुपवर दोनच ओळी टाकल्या. दादाला विचारलं, तू 1897 मधे पुण्यात असतास तर कोणत्या कोर्टात गेला असतास. पुतणीला विचारलं, खबरी म्हणून ज्याला मारलं त्या आदिवासीच्या बायकोला तू काय सांगशील. दादाचा आज सकाळी फोन आला, अर्धा तास बोललो, वाद नाही घातला त्याने. पुतणीने मेसेज वाचलाय, अजून लिहिलं नाही.