जिन्याखालचे ड्रम

‘कारखाने हलवा, पाताळगंगेला न्या!’ आमच्या डोंबिवलीच्या शाळेच्या ग्रुपवर मे आला की हा वाद पेटतो. 26 मे 2016 आणि 23 मे 2024, डोंबिवलीच्या रासायनिक कारखान्यांतले दोन्ही स्फोट मे महिन्यातलेच. दोन्ही वेळा आईच्या स्वयंपाकघराची काच फुटली.

‘हलवा’ म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो. पाताळगंगेच्या औद्योगिक वसाहतीजवळ काय माणसं राहत नाहीत? एका खोलीत किती साठवायचं, हे कुणी विचारतच नाही.

न्यू जर्सीत चौथ्या मजल्यावरची लॅब मी सांभाळते. मजला चौथा, म्हणून नियमाप्रमाणे साठ्याची मुभा तळमजल्याच्या साडेबारा टक्के. ॲसिटोन, मेथॅनॉल, हेक्झेन अशी पटकन पेटणारी सॉल्व्हंट सगळी मिळून, आगीवर पाणी फवारणारे स्प्रिंकलर आणि ज्वलनशील द्रवांची पिवळी कपाटं जमेस धरून, एका कंट्रोल एरियाला, म्हणजे साठ्यासाठी आखून दिलेल्या भागाला, 60 गॅलन. दर सोमवारी मी बाटल्या मोजते. जास्त भरल्या तर नवी ऑर्डर थांबते, मग शास्त्रज्ञ कितीही चिडू देत.

ग्रुपवर लगेच उत्तर येतं, ‘तुझ्या अमेरिकेत होत नाही का?’ होतं ना. टेक्ससमधल्या वेस्ट गावात 17 एप्रिल 2013 ला खताच्या गोदामात आग लागली आणि लाकडी कप्प्यांत साठवलेल्या अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला. स्प्रिंकलर नव्हते. 15 जण गेले, त्यातले 12 मदतीला धावलेले. म्हणून तर म्हणते, आत काय आहे आणि किती आहे, हे आगीत शिरणाऱ्याला आधी कळलं पाहिजे.

इथे मोठ्या साठ्यांची यादी दरवर्षी 1 मार्चपर्यंत अग्निशमन दलाकडे जाते. तो कायदा 1986 चा, भोपाळनंतरचा. आपली माणसं गेली, म्हणून माझा मजला सुरक्षित आहे. आपल्याकडेही 1989 पासून नियम आहेत, रसायनागणिक टनांचे आकडे लिहिलेले आहेत. ते आकडे गोदामाच्या दारापर्यंत पोचायला हवेत.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. एकीने विचारलं, ‘तू परत कधी येणार आहेस?’ मी फोन ठेवून दिला. वीस वर्षं झाली, अजून ‘आमची डोंबिवली’ म्हणते. काच मात्र आईच्या हाताला लागते.

त्या रविवारी बाबांना विचारलं, तुमच्या कंपनीत सॉल्व्हंटचे ड्रम किती असायचे?

“मोजले कुणी? गोदाम भरलं की जिन्याखाली लावायचे. उन्हाळ्यात वर ओली गोणपाटं टाकायचो.”

सुट्टीत त्यांचा डबा घेऊन मी त्याच जिन्याने वर जायचे. गोणपाटाचा ओला वास मला आवडायचा.