आंबा घाटातली ती निळसर गाडी

आज दिवेलागणीनंतर आंबा घाटात पाऊस थांबला होता आणि धुकं उतरलं होतं. पुढे एक नवीकोरी गाडी साखरप्याकडे उतरत होती. हेडलाइट निळसर पांढरे. डिप्परवर (खाली झुकलेल्या उजेडावर) असूनही उजेड रस्त्यावर कमी आणि झाडांच्या शेंड्यांवर जास्त. आत छताला जांभळी पट्टी. समोरून चढणाऱ्या दुचाकीवाल्याला काही दिसेना, तो साइडपट्टी सोडून लाल चिखलात उतरला. मागे बायको, दोघांच्या मध्ये पोर. पडले नाहीत, एवढंच. गाडीवाला थांबला नाही. त्याला कळलंच नाही.

खाली साखरप्यात तीच गाडी टपरीसमोर उभी. बावीस-तेवीसचा मुलगा. लाइटचं विचारल्यावर हौसेने म्हणाला, "साडेसहा हजारवाले टाकलेत काका, पहिले तीन हजारवाले होते. डबल उजेड!"

मंडळी, इथेच सगळं बिघडतं. ते हजारांचे आकडे केल्विनचे, आणि केल्विन म्हणजे उजेडाची ताकद नव्हे, तो उजेडाचा रंग आहे. मेणबत्ती १९०० च्या आसपास, साधा हॅलोजन ३००० ते ३२००, कंपनीतून बसून येणारा झेनॉन ४३००, दुपारचं ऊन ५५००. त्याच्या वर गेलं की उजेड थंड, म्हणजे निळसर होत जातो, ८००० ला सरळ निळा. उजेड किती ते ल्युमेन सांगतात. एच-४ हॅलोजनचा (अप्पर-डिप्पर एकाच बल्बमध्ये) प्रमाण आकडा अप्परला, म्हणजे लांबच्या उजेडाला, १६५० आणि डिप्परला १००० ल्युमेन. खोक्यावर "२०,००० ल्युमेन" छापून तीनशे रुपयांत जोडी विकणारा माणूस तुमच्याशी खोटं बोलतोय, आणि साडेसहा हजार हा आकडा "पॉवर" म्हणून सांगणारा तर गुन्हाच करतोय. त्या मुलाला कुणी तरी असंच सांगितलेलं असणार.

आता आपल्या मुलखाचं, कोकणाचं बोलू. पांढरा एलईडी म्हणजे निळ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा (चमकणाऱ्या रसायनाचा) थर. केल्विन जितका वर, तितका निळा भाग जास्त आणि तांबडा कमी. आणि आपल्या रस्त्यांची कड कसली आहे? जांभा, लाल माती, चिऱ्याचे गडगे. तांबडी वस्तू दिसायला तांबडा उजेड लागतो, निळा ती गिळून टाकते. म्हणून ६५०० च्या स्वस्त एलईडीत ओली साइडपट्टी काळी आणि सपाट दिसते, डांबर कुठे संपलं आणि चर कुठे सुरू झाली ते कळत नाही. हॅलोजनच्या पिवळसर उजेडात तीच कड तांबूस उठून दिसते. पंजाबातल्या किंवा गुजरातेतल्या माणसाने व्हिडिओत काहीही सांगितलं तरी परशुराम घाट, भोस्ते घाट, आंबोली इथे रात्री चालवणाऱ्याने ३००० ते ४३०० च्या पुढे जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

"पिवळा उजेड धुकं कापतो" हेही पूर्ण खरं नाही, ते सांगून टाकतो. आकाश निळं दिसतं ते हवेच्या रेणूंमुळे, ते निळा उजेड जास्त विखुरतात. धुक्याचे थेंब उजेडाच्या लहरींपेक्षा कितीतरी मोठे असतात आणि सगळे रंग जवळपास सारखेच उधळतात. पिवळ्याचा फायदा डोळ्यात होतो. निळसर उजेड डोळ्याला जास्त टोचतो, पिवळा कमी. ज्यांना मोतीबिंदूची सुरुवात झाली आहे त्यांना तर फार फरक पडतो. फ्रान्समध्ये १९३० च्या दशकापासून १९९३ पर्यंत हेडलाइट पिवळेच लागायचे, कायद्याने. पण हॅलोजनवर पिवळा थर किंवा फिल्म चढवली की उजेड थोडा घटतोच, हेही धरून चाला.

धुक्यात खरं काम करते फॉग लॅम्पची जागा आणि बीम. दिवा बंपरच्या खालच्या बाजूला, बीम रुंद आणि वरून कापल्यासारखा सपाट. मग उजेड धुक्याच्या खालून रस्त्यावर पडतो, तुमच्या डोळ्यासमोर भिंत उभी राहत नाही. बॉनेटच्या उंचीवर किंवा छतावर लावलेला दिवा कुठल्याही रंगाचा असो, धुक्यात तो तुम्हालाच आंधळं करणार. फॉग लॅम्प पांढरा आणि पिवळा दोन्ही कायद्यात बसतात. माझी निवड ३०००. आणि दाट धुक्यात अप्पर मारायचा नाही, म्हणजे नाही.

परत त्या गाडीकडे येतो. झाडांच्या शेंड्यांवर उजेड का गेला? नुसत्या रंगामुळे नाही. एच-४ हॅलोजनमध्ये डिप्परच्या तारेखाली पत्र्याची छोटी वाटी असते. तिच्यामुळे उजेड रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्या भागावरच पडतो आणि खाली रस्त्याकडे वळतो. रिफ्लेक्टरची सगळी आखणी त्या तारेच्या जागेवर बेतलेली असते. त्या जागेपासून चिप दोन-तीन मिलिमीटर जरी सरकली तरी उजेड वाट्टेल तिकडे फेकला जातो. स्वस्त एलईडीत वाटी नसते, किंवा चिप चुकीच्या जागी असते, किंवा बसवणाऱ्याने कॉलर (बल्बची कडी) चुकीच्या कोनात फिरवून लॉक केलेली असते. एकेरी तारेच्या एच-७ सारख्या होल्डरमध्ये एलईडी घालायचाच असेल तर चिपा घड्याळातल्या तीन आणि नऊच्या दिशेला याव्यात, बारा आणि सहाला नव्हे. त्या गाडीत हे कुणी बघितलंच नव्हतं, हे दुरून कळत होतं.

तपासायला यंत्र लागत नाही. सपाट जागेत, टायरला बरोबर हवा भरून, गाडी भिंतीपासून ५ मीटरवर उभी करा. आत चालकाएवढं वजन ठेवा. लेव्हलिंगची (हेडलाइट वर-खाली करणारी) चक्री शून्यावर. हेडलाइटच्या मध्याची उंची जमिनीपासून मोजून भिंतीवर खडूने आडवी रेघ मारा. डिप्पर लावल्यावर उजेडाची वरची सीमा त्या रेघेच्या साधारण ५ सेंटिमीटर खाली हवी, म्हणजे १ टक्का उतार. तुमच्या हेडलाइटवर किंवा बॉनेटखाली वेगळा आकडा छापलेला असेल तर तो पाळा. आपण डावीकडून चालतो, म्हणून सीमा डाव्या बाजूला वर चढलेली हवी. उजवीकडे चढत असेल तर ते दिवे दुसऱ्या देशातल्या रस्त्यासाठी बनलेले आहेत, तडजोड न करता परत करा. आणि सीमाच दिसत नसेल, नुसता गोळा दिसत असेल, तर बल्ब काढा. स्क्रू फिरवून ते सुधारत नाही.

घाटात ४० च्या वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. डोळे दिपल्यावर तीन सेकंद काही दिसलं नाही तर ३३ मीटर आंधळेपणाने गेले. त्या दुचाकीवाल्याच्या डाव्या हाताला चिखल होता म्हणून बरं. पुढच्या वळणावर दरी आहे.

बरं, ज्यांचा उजेड खरंच कमी पडतोय त्यांनी रंगाच्या मागे लागण्याआधी मल्टिमीटर घ्या. आपल्याकडची हवा खारी. रत्नागिरी, मालवण, हर्णै, कुठेही समुद्रालगत गाडी उभी राहत असेल तर कपलर (वायरींचे जोड) हिरवे पडतात आणि अर्थिंगचा नट गंजतो. इंजिन चालू, हेडलाइट चालू ठेवून आधी बॅटरीवर मोजा, साधारण १३.८ ते १४.२ व्होल्ट मिळतील. मग बल्बच्या पाठच्या कपलरवर मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर दोष वायरिंगमध्ये आहे. हॅलोजनला १० टक्के व्होल्टेज कमी मिळालं की उजेड जवळजवळ ३० टक्के घटतो आणि रंगही लालसर पडतो. लोक म्हणतात "हॅलोजन मंद असतो". मंद नसतो, उपाशी असतो! अर्थिंगचा नट उघडून पॉलिश पेपरने घासा, वर ग्रीस लावा. तरीही पडत असेल तर ३० अँपिअरचे दोन रिले (जास्त करंट झेलणारे स्विच), अप्परला एक आणि डिप्परला एक, २.५ स्क्वेअर मिलिमीटरची वायर आणि बॅटरीजवळ फ्यूज. नवा चांगला ६०/५५ वॉटचा बल्ब टाका आणि मग सांगा उजेड कमी आहे का. बल्बच्या काचेला बोट लावू नका, बोटाचं तेल आणि मीठ तापून काच फुटते.

१००/९० चे बल्ब टाकणाऱ्यांनो, तुमचं गणित वेगळं आहे. दोन दिव्यांना अप्परवर १० अँपिअर जायचा तिथे जवळजवळ १७ जातो. मूळ वायरिंगवर स्विच आणि प्लास्टिकचा होल्डर दोन्ही वितळतात. सिरॅमिक होल्डर घातला की जळायची जागा फक्त मागे सरकते.

हेडलाइटची प्लास्टिकची काच पिवळी पडली असेल तर तो "वॉर्म लाइट" नव्हे. ८००, १५००, २०००, ३००० असे पाण्याचे पॉलिश पेपर क्रमाने मारा, पॉलिश करा आणि वरून यूव्ही क्लिअर कोट द्या. कोट दिला नाही तर काही महिन्यांत परत पिवळी.

आणखी एक, कोकणातल्या पावसात लक्षात येणारं. हॅलोजनच्या उष्णतेने काचेच्या आतलं दव उडून जातं. एलईडीची उष्णता मागच्या पंख्याकडे जाते, पुढची काच थंड राहते, ओलावा तिथेच बसतो. त्यात पंखा मावत नाही म्हणून मागचं रबरी झाकण कापून टाकतात. जून ते सप्टेंबर त्या भोकातून दमट हवा आत, रिफ्लेक्टर काळवंडतो, आणि मग अख्खं असेंब्ली बदलायचं. एलईडी घालायचाच असेल तर झाकण बंद राहील असाच घ्या.

मान्य, कंपनीतून प्रोजेक्टर (भिंगाचे हेडलाइट) आणि एलईडी बसून आलेल्या गाड्यांचा उजेड ५५००-६००० असला तरी नीट कापलेला असतो, आणि पांढऱ्या उजेडात पट्टे आणि पाट्या स्वच्छ दिसतात. त्यांच्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण रिफ्लेक्टरच्या भांड्यात चुकीचा बल्ब कोंबण्याशी आहे.

मागच्या बाजूला थंड की पिवळसर हा प्रश्नच नाही. टेल आणि ब्रेक लाल, इंडिकेटर नारिंगी, रिव्हर्स आणि नंबर प्लेटचा दिवा पांढरा. मागून १५ मीटरवरून नंबर वाचता आला पाहिजे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे आहेत, त्यांत समोर लाल दिसायला परवानगी नाही. लाल काचेमागे पांढरा एलईडी घातला की ब्रेक लाइट गुलाबी दिसतो, कारण त्यात तांबडा भागच कमी. लाल काचेला लाल एलईडी, नारिंगीला नारिंगी. इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब काढून एलईडी घातला आणि तो भराभर मिचकायला लागला तर फ्लॅशर (इंडिकेटर मिचकवणारा भाग) बदला. ६ ओमचा रेझिस्टर लावलात तर तो पत्र्याला बांधा, प्लास्टिकला नको, भाजेल इतका तापतो.

आता ती जांभळी पट्टी. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्याला २० ते ३० मिनिटं लागतात आणि क्षणभराच्या पांढऱ्या उजेडाने ते सगळं वाया जातं. अंधारात डोळा निळ्या-हिरव्या उजेडाला जास्त संवेदनशील असतो, म्हणून आतली निळी-जांभळी पट्टी दिवसा फिकी वाटते आणि रात्री समोरच्या काचेवर उमटते. काचेवर पट्टीचं प्रतिबिंब असताना बाहेरचा माणूस दिसत नाही. त्या मुलाला दुचाकी दिसली नाही याचं अर्धं कारण त्याच्या छताला चिकटवलेलं होतं. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून रात्री सुटणाऱ्या कुठल्याही ट्रॉलरवाल्याला विचारा, सुकाणूपाशी पांढरा दिवा लावून समुद्र बघता येतो का.

आतल्या दिव्याला २७०० ते ३०००, आणि कमी. छताचा लांबट बल्ब ३१, ३६ किंवा ४१ मिलिमीटरचा असतो, मोजून घ्या. १ ते २ वॉटचा वॉर्म एलईडी पुरतो. लागला नाही तर उलटा घाला, एलईडीला दिशा असते. बंद केल्यावरही अंधुक पेटत राहिला तर सर्किटमधून थोडा करंट झिरपतोय, बिघाड नाही. वडापवाल्यांनो (शेअर जीपवाल्यांनो), मागे सुट्टे पैसे शोधायला दिवा लागतो, कबूल, पण तो मागच्या सीटवर वेगळ्या स्विचने, चालकाच्या डोक्यावर नको. पट्टी हवीच असेल तर पायापाशी, दिसणार नाही अशी, अंबर रंगाची, डिमरसह, पार्किंग लाइटच्या लाइनवर १ अँपिअरच्या फ्यूजमधून. पिवळ्या कपलरच्या वायरींना हात लावायचा नाही, त्या एअरबॅगच्या.

थंड उजेडाला जागा आहे, ती डिकीत आणि बॉनेटखाली. मासळीच्या गाडीत मात्र ४००० चा, रंग खरे दाखवणारा चांगला दिवा लावा. स्वस्त निळसर उजेडात ताज्या बांगड्याचे कल्लेसुद्धा फिके दिसतात आणि भाव पडतो.

त्या मुलावर सुरुवातीला फार राग आला होता. लिहिता लिहिता उतरला. पहिली गाडी, हौस, आणि दुकानात कुणी नीट सांगणारं नाही. गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्या रात्रभर धावतात, त्याआधी तुमच्या ओळखीतल्या अशा प्रत्येक पोराला भिंतीसमोर उभं करा, खडू तुम्ही घेऊन जा. दुकानदारांवरचा राग मात्र तसाच आहे, तो उतरणार नाही.

आणि एलईडी बसवताना काढलेले कंपनीचे हॅलोजन दुकानात सोडून येऊ नका. कागदात गुंडाळून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. घाटात पंखा अडकून एलईडी गेला तर पाच मिनिटांत परत बसतात, बहुतेक गाड्यांत हत्यार लागत नाही.